मनातली अढी जाते कशी? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गटागटांमधल्या पूर्वग्रहांविषयी आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : दोन गटांत खरंच काही भांडण असेल तरच अढी तयार होते, की माणसं उगाचच 'आपले' आणि 'परके' करत बसतात?

खऱ्या झगड्याने वैर वाढतं, यात शंका नाही. पण झगडा नसतानाही झुकतं माप सुरू होतं. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग 1970-71 मध्ये प्रसिद्ध झाले. पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रं जास्त आवडली, यावरून गट पाडल्याचं मुलांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकाने इतर दोघांना गुण द्यायचे होते, त्या गुणांचे नंतर पैसे मिळणार होते, आणि स्वतःला काहीही देता येत नव्हतं.

गुणांच्या एका तक्त्याच्या एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला 19 आणि दुसऱ्या गटातल्याला 25 अशी जोडी होती, मधोमध 13-13, आणि दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला 7, दुसऱ्या गटातल्याला 1. आपल्या गटाचं भलंच करायचं असेल तर 19 घ्यायला हवेत. मुलं मात्र त्या टोकापासून दूर सरकली. आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्या गटापेक्षा जास्त हवं, असा त्यांचा कल होता.

इथे द्वेष कुठेच दिसत नाही, दिसतो तो आपल्यांना दिलेला हात. रोजच्या जगण्यातला बराच भेदभाव असाच असतो: कोणाचं वाईट केलेलं नसतं, फक्त शिफारस, सवलत किंवा दुसरी संधी आपल्याच माणसाला मिळालेली असते. म्हणून 'माझ्या मनात कोणाविषयी राग नाही' हे कितीही प्रामाणिकपणे म्हटलं, तरी भेदभाव होत नाही असं त्यातून सिद्ध होत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात दोन समाजांतली मुलं वेगवेगळी बसतात. ती एकत्र यावीत म्हणून एकत्र जेवण ठेवलं, सिनेमा दाखवला, दोन गटांचे सामने घेतले. तेढ उलट वाढली. कुठे चुकलं? (एक शिक्षिका)

एकत्र आणणं आणि एकत्र काम करायला लावणं यांत फार अंतर आहे. मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकराएक वर्षांच्या 22 मुलांच्या शिबिरात हेच पाहिलं. दोन तुकड्यांत सामने लावल्यावर शिवीगाळ आणि झेंडे जाळणं सुरू झालं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. जेवणात एकमेकांवर अन्न फेकण्यापर्यंत मजल गेली. फरक पडला तो पाणीपुरवठा बंद पडला आणि बिघाड सगळ्यांनी मिळून शोधावा लागला तेव्हा, आणि बंद पडलेली गाडी दोरखंडाने सगळ्यांनी मिळून ओढली तेव्हा. तोही एका कामाने नाही, अशी कामं एकापाठोपाठ एक आल्यावर. (हे प्रसंग संशोधकांनीच घडवून आणले होते आणि मुलांना त्याची कल्पना नव्हती. आज कोणी असा प्रयोग करू नये. निष्कर्ष मात्र पुढेही टिकला.)

त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी संपर्काच्या चार अटी मांडल्या: त्या कामापुरता दोघांचा दर्जा समान, ध्येय एक, ते गाठायला परस्परांची मदत लागणं, आणि वरच्या माणसांचा उघड पाठिंबा. तुमच्या जेवणात आणि सिनेमात दुसरी-तिसरी अट नव्हती. सामन्यांत तर ध्येयं एकमेकांच्या विरुद्ध होती. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात 1,261 तरुणांवर केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींचे खेळाडू क्रिकेटच्या एकाच संघात आले, तेव्हा जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले, तेव्हा एकूण परिणाम उलटा झाला. तेव्हा सामने घ्या, पण प्रत्येक संघ मिश्र हवा.

वर्गासाठी सर्वांत पारखलेली पद्धत एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे उभी केली. ती अशी. पाच-सहा जणांचे गट तुम्हीच पाडा. त्यात मुलगे-मुली, दोन्ही समाज, पुढची-मागची सगळी मुलं मिसळा. एखाद्या समाजातलं मूल गटात एकटं पडत असेल तर शक्यतो दोघांना एकत्र ठेवा. एकट्या मुलाच्या प्रत्येक चुकीवर त्याच्या समाजाचं लेबल लागतं. धड्याचे गटात जितकी मुलं तितके भाग करा. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचून समजेल असा लिहा, नाहीतर सगळी घडी इथेच विस्कटते. प्रत्येकाला फक्त आपलाच भाग द्या आणि दोनदा वाचायला वेळ द्या. मग सगळ्या गटांतली पहिला भाग मिळालेली मुलं एकत्र, दुसरा मिळालेली एकत्र, असं दहा-पंधरा मिनिटं बसवा. कच्च्या मुलाची तयारी इथे होते. ही पायरी वेळ वाचवायला म्हणून गाळली की तेच मूल मूळ गटात अडखळतं, बाकीची चिडतात, आणि अढी पक्की होते. त्यानंतर मुलं मूळ गटात परततात आणि आपापला भाग इतरांना शिकवतात. शेवटी चाचणी, संपूर्ण धड्यावर आणि प्रत्येकाची वेगळी. गटाला एकत्र गुण देऊ नका. त्यातून 'तुझ्यामुळे आमचे गुण गेले' हे सुरू होतं.

आठवड्यातून तीन तास, निदान सहा आठवडे करा. पहिले काही तास गोंधळाचे जातात, त्यावरून निकाल लावू नका. आणि सुरुवातीला असंच काम द्या जे नक्की जमेल. आधी स्पर्धा झालेली असेल आणि मग एकत्र केलेलं काम फसलं, तर अपयशाचं खापर दुसऱ्या गटावर फुटतं. हे प्रयोगांतही दिसलं आहे.

प्रश्न : मी पूर्वग्रहाने बोलत नाही, अनुभवाने बोलतो. 'त्या' लोकांकडून वाईट वागणूक मिळाल्याची कितीतरी उदाहरणं मला आठवतात. हे चूक कसं?

उदाहरणं खरी असतील. प्रश्न हिशोबाचा आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी 1976 मध्ये लोकांना 39 वाक्यं वाचायला दिली. 'अ' गटाविषयी 26 : 18 चांगल्या कृत्यांची, 8 वाईट. 'ब' गटाविषयी 13 : 9 चांगल्या, 4 वाईट. प्रमाण दोन्हीकडे नेमकं तेच आहे. तरी वाचणाऱ्यांनी लहान 'ब' गटाच्या माथी वाईट कृत्यं प्रत्यक्षाहून जास्त मारली आणि त्याच्याविषयी मतही वाईट बनवलं. त्यांच्या प्रचलित स्पष्टीकरणानुसार, संख्येने लहान गटही क्वचित भेटतो आणि वाईट कृत्यही क्वचित घडतं. दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र आल्या की त्या लक्षात राहतात. लक्षात ठेवा, 'अ' आणि 'ब' ही नुसती अक्षरं होती. आधीचा राग नाही, अफवा नाही, तरी हे झालं.

त्यावर दुसरा थर चढतो. आपल्या माणसाने शब्द फिरवला तर 'अडचण असेल', परक्याने फिरवला तर 'जातच तसली'. चांगल्या वागण्याला उलटा न्याय: आपल्याचा स्वभाव, परक्याचा मतलब.

पडताळा हवा असेल तर कागदावर चार चौकोन आखा: ते लोक आणि वाईट वागणूक, ते लोक आणि चांगली किंवा साधी वागणूक, इतर लोक आणि वाईट, इतर लोक आणि चांगली किंवा साधी. महिनाभर प्रत्येक व्यवहाराची त्याच दिवशी खूण करा, आठवून नंतर नको. आपण सहसा पहिलाच चौकोन मोजतो. दुसरा चौकोन भरायचा सर्वांत जास्त राहून जातो, कारण सुरळीत झालेला व्यवहार आठवणीत नोंदलाच जात नाही.

प्रश्न : त्या समाजातली एक व्यक्ती माझी जिवलग मैत्रीण आहे. तरी त्या समाजाविषयीचं माझं मत तसंच आहे. असं का?

कारण मनाने तिला 'अपवाद' या खणात टाकलं आहे. 'तू त्यांच्यातली वाटतच नाहीस' हे वाक्य तुम्ही कधी कौतुकाने म्हटलं असेल, तर तेच त्याचं लक्षण. साच्यात न बसणारा सगळा पुरावा एका माणसात एकवटला की त्याला बाजूला काढणं सोपं जातं. तोच पुरावा थोडा थोडा अनेकांत विखुरलेला असला की साचाच बदलावा लागतो.

म्हणून त्या समाजातल्या एका असामान्य व्यक्तीपेक्षा चार-पाच सामान्य व्यक्तींशी नियमित काम पडणं जास्त उपयोगाचं. मैत्रिणीची ओळख झाकूही नका. तिचे सण, तिचं घर, तिच्या घरातली माणसं हे सगळं मैत्रीत येऊ द्या. ती त्या समाजाची आहे हे जाणवत असतानाच जिव्हाळा वाढला, तर तो इतरांपर्यंत पोचतो. आणि तिच्याशी असलेली मैत्री आपल्या माणसांसमोर लपवू नका. आपल्यापैकी कोणाची तरी तिकडे मैत्री आहे, एवढं कळल्यानेही बाकीच्यांची भीड कमी होते, असं 1997 पासूनचे अभ्यास सांगतात.

थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले. संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी, हे बहुतेक ठिकाणी आढळलं, पण परिणाम मध्यमच होता. त्याच दोघांच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: संपर्काने माहिती वाढते ती गौण, धाकधूक कमी होते आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवता येतं, हे महत्त्वाचं. नुसती माहितीपत्रकं वाटण्याचा फारसा उपयोग होत नाही तो यामुळेच.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा एका समाजाविषयी 'ती लोकं घाण असतात' म्हणाला. घरात आम्ही असं कधीच बोलत नाही. काय करावं?

साधारण पाच ते सात हे असं बोलणं जास्त दिसण्याचं वय आहे. घरात वाईट बोललं नाही तरी मूल कोण कोणाशेजारी बसतं, कोणाला घरात बोलावलं जातं, हे पाहत असतं. आणि घरात चांगलंही काही बोललं जात नसेल, तर ती मोकळी जागा ते स्वतःच्या तर्काने भरतं.

रागावून गप्प करू नका. 'कोण म्हणालं? काय झालं होतं?' हे आधी विचारा. बहुतेकदा मागे एखादा मुलगा, एखादा प्रसंग असतो. मग वाक्य त्या मुलापुरतं करून द्या: 'त्या दिवशी त्या मुलाचे हात मळलेले होते.' हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. मार्जरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 'झार्पी' नावाच्या काल्पनिक लोकांचं चित्रांचं पुस्तक मुलांना आणि मोठ्यांनाही वाचून दाखवलं. 'झार्पी अमुक गोष्टीला घाबरतात' असं ऐकणाऱ्यांना, 'हा झार्पी घाबरतो' असं ऐकणाऱ्यांपेक्षा, ते लोक जन्मतःच वेगळे असतात असं जास्त वाटू लागलं. त्यामुळे 'ती लोकं फार मेहनती असतात' हे कौतुकाचं वाक्यही टाळा. बाजू चांगली असली तरी साचा तोच शिकवला जातो.

वर्गात 'मुलांनो, इकडे. मुलींनो, तिकडे' अशी हाक सतत देण्याचाही परिणाम होतो. रेबेका बिग्लर यांच्या प्रयोगात मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले होते. शिक्षकांनी रंगावरून रांगा लावल्या, जागा ठरवल्या, तिथे मुलांनी आपल्या रंगाची बाजू घेतली. रंगाकडे दुर्लक्ष केलेल्या वर्गांत तसं झालं नाही.

प्रश्न : मी निवडसमितीवर आहे. सगळे सदस्य सज्जन आहेत, तरी निवड एकाच प्रकारच्या लोकांची होते. प्रशिक्षण घ्यावं का?

प्रशिक्षणाआधी पद्धत बदला. अमेरिकेतल्या 708 कंपन्यांच्या तीन दशकांच्या नोंदी अलेक्झांड्रा केलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी 2006 मध्ये तपासल्या. पूर्वग्रहाविषयीच्या प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत कमी होता. निकालाची जबाबदारी एखाद्या व्यक्तीवर किंवा समितीवर नेमून दिली, तिथे चित्र खरोखर बदललं.

सज्जन माणसं घसरतात ती निकषांवर. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांच्या 2005 च्या प्रयोगात पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी पुरुष आणि स्त्री उमेदवार होते. कोणाकडे शिक्षण, कोणाकडे रस्त्यावरचा अनुभव. पुरुष शिकलेला असला की लोकांना शिक्षण महत्त्वाचं वाटलं, नसला की त्याचं महत्त्व घटलं. आणि हे करताना आपण निःपक्ष आहोत, अशी त्यांची खात्री होती. निकषांचं महत्त्व उमेदवार पाहण्याआधी ठरवून घेतलं, तेव्हा हा भेद उरला नाही.

म्हणजे करायचं असं. अर्ज उघडण्याआधी चार ते सहा निकष आणि प्रत्येकाचे गुण लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. पहिल्या चाळणीत नाव, फोटो, पत्ता झाका. बॉस्टन आणि शिकागोतल्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अर्ज सारखेच असताना गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण 10 अर्जांमागे एक बोलावणं आलं आणि काळ्या वाटणाऱ्या नावांना 15 मागे एक. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी गुण लिहून द्यावेत, आणि ज्येष्ठ सदस्याने शेवटी बोलावं. 'आपल्यात मिसळेल का?' हा निकष काढून टाका. झुकतं माप सर्वांत सहज तिथूनच शिरतं. प्रत्येक पायरीवर कोणत्या गटातले किती आले आणि किती गळले याची नोंद ठेवा. गळती नेमकी कुठे होते हे कळलं नाही, तर दुरुस्ती अंदाजाने होते.

प्रश्न : चारचौघांत कोणी एखाद्या समाजावर गलिच्छ विनोद केला तर बोलावं का? वातावरण बिघडतं.

बोलावं. पूर्वग्रह उघड बोलण्याचं प्रमाण माणसाच्या मनापेक्षा 'इथे चालतं की नाही' यावर फार अवलंबून असतं. ख्रिस क्रँडल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 105 गटांविषयी विचारलं. अमुक गटाविषयी वाईट बोलणं कितपत खपतं आणि लोक प्रत्यक्षात कितपत बोलतात, यांतला सहसंबंध 0.96 निघाला (1 म्हणजे दोन्ही गोष्टी तंतोतंत एकमेकींबरोबर चालतात). सगळे हसले किंवा गप्प राहिले, की खपतं असा निरोप गेला.

वाक्य लहान, लगेच आणि त्या बोलण्याबद्दल असू द्या, माणसाबद्दल नको: 'हे मला आवडलं नाही. दुसरं काही बोलू.' 'तू संकुचित आहेस' म्हटलं की भांडण त्याच्या चारित्र्यावर जातं आणि विनोद बाजूला राहतो. समोरचा चिडेल. चिडूनही पुढच्या वेळी तो आवरतं घेतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. पहिला बोलणारा एकटा पडू नये म्हणून दुसऱ्या कोणीतरी 'मलाही' एवढं म्हटलं तरी पुष्कळ.

प्रश्न : संगणकावरच्या चाचणीत माझ्यात 'छुपा पूर्वग्रह' निघाला. काळजी करू का?

चांगल्या-वाईट शब्दांची आणि दोन गटांची जोडी लावताना कळ दाबायला लागणारा वेळ ही चाचणी मोजते. 1998 पासून ती वापरात आहे. गटांच्या सरासरीसाठी ती कामाची आहे, पण त्याच माणसाचा गुणांक दुसऱ्या वेळी बराच वेगळा येऊ शकतो; म्हणून एका व्यक्तीचं निदान तिच्यावरून करू नये. 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात नऊ उपायांनी हा गुणांक लगेच खाली आला, पण काही तास ते काही दिवसांत तो परिणाम पुसला गेला. त्या आकड्यामागे लागू नका. आपण कोणाला काय देतो, कोणाचं ऐकतो, कोणाला मध्येच तोडतो, हे मोजा.

प्रश्न : आम्ही ज्या समाजाचे आहोत त्याला नेहमी खालचं लेखलं गेलं. 'मिसळा, मैत्री करा' असं आम्हालाच सांगतात. मैत्रीने अन्याय संपतो का?

आपोआप नाही. तुमची शंका रास्त आहे आणि संशोधनातही तिला आधार आहे. तमार सॅगी आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या अभ्यासात एका गटाच्या हाती वाटपाचा अधिकार होता. दोन्ही गटांना आधी फक्त आपल्यातल्या साम्यांवर बोलायला लावलं, तेव्हा अधिकार नसलेल्यांना वाटलं की आता वाटणी न्याय्य होईल. अधिकार असलेला गट त्यांच्याविषयी गोडही झाला होता, पण वाटताना त्याने स्वतःकडेच जास्त ठेवलं. गोड संबंधांनी असमानतेवरचं लक्ष उडालं आणि मागणी मऊ पडली.

इराकमधल्या विस्थापित ख्रिस्ती फुटबॉलपटूंवरचा सल्मा मूसा यांचा 2020 चा अभ्यास दुसरी मर्यादा दाखवतो. मुस्लिम खेळाडू संघात आल्यावर मैदानावरचं वागणं बदललं, पुढे एकत्र सरावही झाला; मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी असलेल्या वागण्यात मात्र विशेष फरक पडला नाही.

म्हणून एकत्र येण्याचं निमंत्रण आलं तर आधी चार गोष्टी विचारा. कार्यक्रमपत्रिका कोणी ठरवली? पैशाचा आणि पदांचा विषय तिच्यावर आहे का? निर्णयाच्या खुर्चीत आमचे किती जण असतील? आणि ठरलेलं झालं की नाही हे कोण, कोणत्या तारखेला तपासणार? उत्तरं लेखी मागा. ती मिळाली तर मैत्रीला जागा आहे. ती टाळली गेली, तर न जाण्यात तुमचा काही दोष नाही, आणि तसं कारण देऊन कळवायलाही हरकत नाही.